मागच्या सीटवर कोण बसतं?

(बिबवेवाडी परिसरातील बचतगट आणि महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

दारूचा प्रश्न आपल्याला नवा नाही. या वस्त्यांमधल्या कुठल्याही बैठकीत दारूचा विषय काढा, चार जणी बोलत्या होतात. पगाराचे पैसे घरी येत नाहीत, मार पडतो, मुलांसमोर तमाशा होतो. हे सगळं आपण वर्षानुवर्षं बोलत आलो आणि त्याविरुद्ध लढतही आलो. पण आपण जेव्हा दारूबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा घराच्या आतल्या दारूबद्दल बोलतो. नवरा पिऊन घरी आला, म्हणजे आपला प्रश्न सुरू झाला. तो घरी कसा आला, काय चालवत आला, वाटेत कोण होतं, त्याच्या मागे कोण बसलं होतं, हे आपल्या चर्चेत फारसं येत नाही. ते पोलिसांचं काम, आरटीओचं काम, असं आपण धरून चालतो. आज मला म्हणायचं आहे ते एवढंच की दारू पिऊन गाडी चालवणं हा बायकांचाही प्रश्न आहे, आणि तो आपल्या गटांनी हातात घ्यायला हवा.

पुण्यात हा विषय निघाला की सगळ्यांना कल्याणीनगरची घटना आठवते. १९ मे २०२४ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, सतरा वर्षांच्या एका मुलानं चालवलेल्या नंबरप्लेट नसलेल्या पोर्शे गाडीनं मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. दोघंही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले. गाडी चालवणारा मुलगा एका बांधकाम व्यावसायिकाचा. त्याआधी तो मित्रांबरोबर दोन ठिकाणी दारू प्यायला होता, असं पोलिसांचं म्हणणं. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी एकवीस आणि इतर दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, तरी सतराव्या वर्षी त्याला दारू मिळाली. काही तासांतच बाल न्याय मंडळानं जामीन दिला, आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. त्या निबंधावरून देशभर संताप उसळला, म्हणून प्रकरण दडपलं गेलं नाही.

पण त्या निबंधाच्या गदारोळात एक गोष्ट आपल्या डोळ्यांआड होऊ नये. त्या मुलाच्या रक्ताचा नमुना सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे अपघातानंतर आठ तासांहून जास्त वेळानं घेतला गेला. आणि तो नमुनाही बदलला गेला, असा आरोप आहे. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळेना, तेव्हा ते उघड झालं. ससूनमधल्या दोन डॉक्टरांना आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली. बापाला झाली. घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यायला दबाव आणला म्हणून आजोबांना झाली. आणि १ जून २०२४ ला आईला अटक झाली, कारण मुलाच्या रक्ताच्या जागी आईनं आपलं रक्त दिलं असा तिच्यावर आरोप आहे. हे सगळे आरोप आहेत. ते खरे की खोटे ते न्यायालय ठरवील.

मला त्या बाईवर तोंडसुख घ्यायचं नाही. वर्तमानपत्रांनी ते भरपूर घेतलं. पण हा आरोप ऐकल्यावर आपल्यापैकी किती जणींना तो समजला! 'आई आहे, काय करणार?' असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्या. मग मी त्यांना विचारते, आपल्या घरांत आपण काय करतो? रक्त देण्याची वेळ आपल्यावर येत नाही, कारण आपल्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. पण 'तो नव्हता चालवत, त्याचा मित्र चालवत होता' हे कोण सांगतं? गाडीची चावी लपवायच्या ऐवजी सकाळी गाडीला लागलेला मार शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून तिच्यावर चादर कोण टाकतं? पुरुषांच्या चुका झाकणं हे बाईचं काम, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. बाप झाकायचा, भाऊ झाकायचा, नवरा झाकायचा आणि शेवटी मुलगा झाकायचा. श्रीमंतांच्या घरात ते मोठ्या प्रमाणावर होतं, आपल्याकडे लहान प्रमाणावर. रीत एकच आहे.

आता दुसरी घटना. तिच्याबद्दल फारशी निदर्शनं झाली नाहीत. २३ डिसेंबर २०२४ ला, मध्यरात्र उलटल्यावर, वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ फूटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक डंपर गेला. दोन लहानगी भावंडं, एकाचं वय एक वर्ष आणि दुसऱ्याचं दोन, आणि एक बावीस वर्षांचा तरुण मेला. सहा जण जखमी झाले. ही माणसं अमरावतीहून कामाच्या शोधात आलेली होती. ड्रायव्हर दारू प्यायलेला होता असं पोलिसांनी सांगितलं. इथे ड्रायव्हर श्रीमंत बापाचा मुलगा नव्हता, तोही मजूरच. त्याला वाचवायला कोणी आपलं रक्त दिलं नाही, त्याला लगेच अटक झाली.

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर असंच झालं होतं. फूटपाथवर झोपलेल्या बांधकाम मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. खालच्या न्यायालयानं निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. लोक चिडले. उच्च न्यायालयानं २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षं दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. सात जणांच्या मृत्यूला तीन वर्षं. आणि ७ जुलै २०२४ ला, पहाटे, वरळीत एका राजकीय पुढाऱ्याच्या मुलाच्या गाडीनं स्कूटरला धडक दिली. स्कूटरवर मासे विकणारं जोडपं होतं, ससून डॉकवरून मासे घेऊन घरी चाललेलं. नवरा बाजूला पडला. मागे बसलेली बायको गाडीबरोबर दीड किलोमीटर फरफटत गेली आणि मेली. मुलगा पळाला आणि दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्त तपासून त्यात दारू कशी सापडायची?

ह्या घटना एकापुढे एक ठेवून पाहा. चालवणारा श्रीमंत असो की गरीब, जवळजवळ प्रत्येक वेळी तो पुरुष आहे. मरणाऱ्यांमध्ये फूटपाथवर झोपलेली मुलं आहेत, रात्रपाळीहून परतणारे आहेत, पहाटे बाजाराला निघालेल्या बायका आहेत. पहाटे रस्ता झाडणारी, मार्केट यार्डात माल निवडायला निघालेली, दूध आणि पेपर टाकणारी माणसं. रस्ता जेव्हा सर्वांत धोक्याचा असतो, त्याच वेळी पोटासाठी रस्त्यावर असणारी ही माणसं. त्या वेळी बाहेर कशाला गेली होती, असं त्यांच्यातल्या बाईबद्दलच विचारलं जातं. कल्याणीनगरमध्ये मेलेल्या मुलीबद्दलही ती कुजबूज झाली. अडीच वाजता मोटारसायकलच्या मागे बसणं हा गुन्हा नाही. दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हा आहे. हे आपण ठामपणे म्हणायला हवं.

आता मी खरं ज्याबद्दल बोलायला आले आहे त्या मागच्या सीटकडे येते.

आपल्याकडे हळद खेड-शिवापूरला असते, जागरण-गोंधळ सासवडला असतो, जत्रा आणखी लांब असते. पुरुष मंडळी मागच्या बाजूला जाऊन बसतात, बायका जेवणाच्या पंगतीत वाढतात. रात्री अकराला नवरा येतो आणि म्हणतो, 'चल.' त्याच्या डोळ्यांकडे पाहूनच कळतं. बायको म्हणते, 'अहो, आज राहू या इथंच. सकाळी निघू.' तो म्हणतो, 'काय होत नाय, गप बस.' पुढे टाकीवर मोठा मुलगा, मागे ती, मांडीवर लहान मूल, साडी नेसलेली म्हणून एका बाजूला पाय टाकून बसलेली, डोक्यावर हेल्मेट नाही. कात्रजचा घाट उतरायचा, सातारा रस्त्यानं यायचं. किंवा कोंढव्याच्या बाजूनं येऊन आई माता मंदिरावरून गंगाधाम चौकाचा उतार उतरायचा, जिथं शुद्धीवरच्या माणसालाही ब्रेक दाबून धरावा लागतो.

ती का बसते? तिला कळत नाही म्हणून नाही. सगळं कळतं. पण नाही म्हटलं तर पाहुण्यांसमोर त्याचा अपमान होतो, आणि त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. दुसऱ्या कोणाच्या गाडीवर बसली तर संशय. त्या वेळी पीएमपीची बस नाही. रिक्षाला पैसे नाहीत, आणि असले तरी ते मागायचे त्याच्याकडेच. सासरच्या गावात राहावं तर 'नवऱ्याला एकटं पाठवलं' असं नाव. म्हणजे तिच्यासमोर दोन धोके असतात. एक रस्त्यावरचा, जो होईल किंवा होणारही नाही. दुसरा घरातला, जो नक्की होणार. ती रस्त्यावरचा निवडते. हा तिचा मूर्खपणा नाही, हा तिचा हिशोब आहे. तो हिशोब बदलायचा असेल तर 'दारू पिणाऱ्याच्या मागे बसू नका' असा फलक लावून भागणार नाही. तिला नाही म्हणता येईल अशी परिस्थिती आपल्याला तयार करावी लागेल.

'काय होत नाय' याचं उत्तर मात्र आपल्याला माहीत असलं पाहिजे, म्हणून थोडं शास्त्र सांगते. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. साठ किलोच्या पुरुषाला एवढ्यानंच मर्यादेच्या जवळ आणून ठेवलेलं असतं. दुसऱ्या पेगला ती ओलांडली जाते. स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे चार लहान पेगांएवढी दारू. 'मी फक्त बिअर घेतली' याला म्हणून काही अर्थ नाही. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा लहान पेग.

शरीर ही दारू आपल्या गतीनंच बाहेर टाकतं, ढोबळमानानं तासाला १५ मिलिग्रॅम. लिंबूपाणी, काळी कॉफी, ताक, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी काढणं, यांतल्या कशानंही ही गती वाढत नाही. फार तर झोपाळू दारुड्याचा जागा दारुडा होतो. क्वार्टर प्यालेल्या माणसाला मोकळं व्हायला दहा तासांच्या आसपास लागू शकतात. म्हणजे रात्री बाराला थांबलेला माणूस सकाळी सातला मुलांना शाळेत सोडायला निघतो तेव्हाही तो दारूच्या अंमलाखाली असू शकतो. शाळेच्या रिक्षा आणि व्हॅन चालवणाऱ्यांबद्दल हे विशेष लक्षात ठेवा.

दारू पहिल्यांदा हात-पाय लटपटवत नाही. ती पहिल्यांदा भीती काढून घेते. अंदाज चुकतो, नजर समोरच्या एका ठिकाणी खिळते, बाजूनं येणारं माणूस दिसत नाही, आणि वर आत्मविश्वास वाढतो. म्हणून 'मी एकदम ठीक आहे' हे वाक्य पुरावा म्हणून कामाचं नाही. ते प्रत्येक जण म्हणतो. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. वस्तीतल्या गल्लीत साडेपाच मीटर म्हणजे खेळणारं मूल आणि घराचा उंबरा यांच्यातलं अंतर.

सरकारी आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांपैकी दारू वा अमली पदार्थांमुळे झालेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, प्रश्न एवढाच आहे? पण दारूची नोंद कधी होते? वेळेवर रक्त तपासलं तरच. ज्या गाड्या पळून गेल्या, जिथं चालवणाराच मेला, जिथं पंचनामा सकाळी झाला, तिथं कारण लिहिलं जातं 'अतिवेग'. कायदा सांगतो की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केलेल्या माणसाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्याला सोडावं लागतं. म्हणून अपघातानंतरचे पहिले दोन तास महत्त्वाचे. त्या वेळी तिथं असलेल्या माणसांनी 'याची तपासणी करा' असा आग्रह धरला तर पुढचा सगळा खटला बदलू शकतो.

शिक्षेचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्या वस्तीत पंधरा वर्षांच्या मुलाला बापाची गाडी चालवताना पाहून 'बघा कसा तयार झालाय' म्हणणाऱ्या घरांना हे कलम वाचून दाखवा. आणि गाडी बाईच्या नावावर असेल, कर्जाच्या सोयीसाठी ती पुष्कळदा असते, तर मालक म्हणून तीच जबाबदार ठरू शकते.

आता विम्याचं ऐका, कारण हे बहुतेकींना माहीत नसतं. दारूड्या ड्रायव्हरनं दुसऱ्या कोणाला उडवलं तर त्या बळीला भरपाई मिळवता येते. विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावून मग ते मालकाकडून वसूल करण्याचा रस्ता न्यायालयांनी दाखवला आहे. पण चालवणारा स्वतःच दारूच्या अंमलाखाली मेला, तर मालक-चालकाचा जो पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो तो नाकारला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या एका प्रकरणात, स्वतःच्याच बेदरकार चालवण्यानं मेलेल्या माणसाच्या वारसांना भरपाई नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. म्हणजे नवरा गेला, कमावणारा गेला, आणि हातात काहीच नाही.

आणि मागच्या सीटचं काय? स्कूटर-मोटारसायकलचा जो सर्वांत स्वस्त विमा, ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो, त्यात गाडीवर मागे बसलेली व्यक्ती येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६ आणि २००८ साली हे स्पष्ट केलं आहे. समोरच्या पादचाऱ्याला विमा आहे, शेजारून जाणाऱ्याला आहे. पण नवऱ्याच्या मागे, मूल मांडीवर घेऊन बसलेली बायको कायद्याच्या हिशोबात तिऱ्हाईतही नाही. पॅकेज, म्हणजे पूर्ण विमा असेल तर ती त्यात येते. म्हणून उद्या घरी गेल्यावर गाडीचा कागद काढून बघा. त्यावर नुसतं 'लायेबिलिटी' लिहिलं आहे की 'पॅकेज', ते वाचा. थोडे पैसे जास्त लागतात, पण ते तुमचा जीव मोजण्याचे पैसे आहेत.

बाईच्या जिवाची किंमत हा प्रश्नही न्यायालयात बराच काळ चालला आहे. १९९४ साली कायद्याला जोडलेल्या तक्त्यात न कमावणाऱ्या बायकोचं उत्पन्न कमावणाऱ्या नवऱ्याच्या एक तृतीयांश धरलं होतं. दिवसभर राबणारी बाई 'न कमावणारी'! २००१ साली लता वाधवा खटल्यात आणि २०१० साली अरुणकुमार अग्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घरकामाला मोल आहे हे मान्य केलं. जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात न्यायालयानं सरकारी पाहणीचा आधार घेतला: बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटं. आपली चळवळ जे पन्नास वर्षं सांगते आहे ते न्यायालयाच्या कागदावर आलं, पण आलं कशासाठी, तर गाडीखाली मेलेल्या बाईची भरपाई ठरवण्यासाठी. जिवंतपणी ते घरात मान्य करून घेणं आपल्यावर आहे.

तर मग करायचं काय? काही गोष्टी सुचवते.

पहिली, समारंभाची व्यवस्था. आपल्या गटातल्या कोणाकडे लग्न, हळद, बारसं असेल तर जाण्यायेण्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जीप वर्गणीनं ठरवायची आणि ड्रायव्हर न पिणारा घ्यायचा. ते जमत नसेल तर बायका-मुलांची झोपायची सोय यजमान बाईनं आधीच करायची आणि ती आमंत्रणातच सांगायची. 'रात्री राहायची सोय आहे' हे आधीच जाहीर असलं की थांबणाऱ्या बाईला नवऱ्याचा अपमान करावा लागत नाही. नाही म्हणण्याचा भार तिच्या एकटीवरून गटावर येतो. कोणी म्हणावं, 'भाऊजी, आज वहिनी आमच्याकडे राहतायत, आमचं ठरलंय.' चार बायका मिळून म्हणाल्या की त्याला चौघींशी भांडावं लागतं.

दुसरी, नाही म्हटल्यामुळे घरी मार पडला तर तो घरगुती हिंसाचारच आहे. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते; १८१ आणि ११२ हे नंबर आहेत. 'गाडीवर बसली नाही म्हणून मारलं' ही तक्रार क्षुल्लक नाही, ती तशीच नोंदवून घ्यायला लावा.

तिसरी, अपघात झाला तर. १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत. कलम १३४ अ नं ते संरक्षण दिलं आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, ठरवलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता. चालवणारा प्यालेला वाटला तर ११२ वर ते स्पष्ट सांगा आणि तपासणीचा आग्रह धरा. फिर्यादीची प्रत मोफत मागा, पंचनाम्याची, शवविच्छेदन अहवालाची प्रत घ्या. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याची चौकशी करा. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. 'सुतक संपू दे, वर्षश्राद्ध होऊ दे' असं म्हणत थांबू नका. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयात आहे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात, अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत वा तहसीलदाराकडे करायचा.

चौथी गोष्ट दुकानांची. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानं पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांवर दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं. 'उभी बाटली, आडवी बाटली' आपल्याला ठाऊकच आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दुकानं हटवायला सांगितली. पुढे त्यात सवलती आल्या, शहरी भाग वगळला गेला. ही लढाई सोडायची नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कोपऱ्यावरचा गुत्ता बंद झाला आणि दुसरं काही केलं नाही, तर पूर्वी चालत जाणारा माणूस आता तीन किलोमीटर गाडीवर जातो आणि तीन किलोमीटर पिऊन परत येतो. म्हणून दुकान बंदीबरोबर नाकाबंदीची मागणी, व्यसनमुक्तीची सोय आणि रात्रीच्या बसची मागणी एकत्रच करायला हवी. रात्री अकराला बस असती तर किती बायकांना त्या सीटवर बसावंच लागलं नसतं.

आणि पाचवी. टँकर, डंपर, टेम्पो चालवणारे पुष्कळ पुरुष आपल्याच घरांतले आहेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास ठरवून दिले होते. प्रत्यक्षात काय चालतं ते त्यांच्या बायकांना विचारा. झोप उडवायला तंबाखू आणि झोप यायला दारू, असं चक्र मालकाच्या फायद्याचं असतं. मालकाला जाब विचारायला हवाच. पण त्या चक्राचं कारण पुढे करून फूटपाथवरच्या बाळाचा जीव माफ करता येत नाही. शोषण होतं म्हणून गाडी दुसऱ्याच्या अंगावर घालण्याचा हक्क कोणाला मिळत नाही, जसा तो बायकोला मारण्याचाही मिळत नाही.

मैत्रिणींनो, घरातल्या मारहाणीला आपण कित्येक वर्षं 'नवरा-बायकोची भांडणं' म्हणत होतो. मग चळवळीनं तिला हिंसा म्हणायला शिकवलं आणि कायदे बदलावे लागले. दारू पिऊन गाडी चालवण्याला अजून 'अपघात' म्हटलं जातं, जणू ते नशिबानं घडतं. बाटली उघडताना चावी खिशात होती, हे त्या माणसाला माहीत असतं. म्हणून पुढच्या महिन्यात प्रत्येक गटानं दोन कामं करून यायची: आपल्या गल्लीतल्या गाड्यांचे विमा कागद तपासायचे, आणि येत्या लग्नसराईत कोणाकडे काय सोय करायची ते ठरवायचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं त्याचं सांगायचं आहे.